पाथरीचा मुलगा, पडद्यावरचे साईबाबा

धुळ्याच्या कोर्टात चोरीचा एक खटला उभा होता. पकडलेल्या माणसाकडे दागिने सापडले आणि ते आपल्याला शिर्डीच्या साईबाबांनी दिले, असं त्यानं सांगून टाकलं. म्हणजे बाबांची साक्ष घेणं आलं. त्यांना धुळ्याला नेणं भक्तांना रुचेना, तेव्हा कोर्टानं कमिशन नेमलं आणि साक्ष शिर्डीतच नोंदवायचं ठरलं. शिरस्त्याप्रमाणे प्रश्न सुरू झाले. नाव विचारलं, तर साईबाबा. वडिलांचं नाव, तेही साईबाबा. गुरू वेंकुशा. पंथ कबीर. जात परवरदिगार. आणि वय विचारलं, तेव्हा लाखो वर्षं. बी. व्ही. नरसिंहस्वामींनी भक्तांकडून गोळा केलेल्या माहितीत हा जबाब आला आहे.

रकाने सगळे भरले गेले, पण माणूस कुठला, कोणाचा, हे त्यातल्या एकाही उत्तरावरून कळत नाही. बाबांनी हे एकदाच केलं असंही नाही. शिर्डीत सुमारे साठ वर्षं काढली, पण आपलं गाव, आईबाप, जन्मसाल गावाला कधी सरळ सांगितलं नाही. आणि नेमक्या याच माणसावर गेल्या सत्तर वर्षांत मराठी, हिंदी, तेलुगू भाषांत पुन्हा पुन्हा चित्रपट निघाले, मालिका निघाल्या. चित्रपटाला पहिलं रीळ लागतं. नायक कुठून आला, ते दाखवावं लागतं. इथे नायकानंच ते रीळ स्वतःजवळ ठेवून घेतलं आहे. प्रत्येक दिग्दर्शकानं ती मोकळी जागा कशी हाताळली, हे पाहत गेलं की बाबांइतकंच त्या त्या काळाचंही चित्र समोर येतं.

जगाच्या चित्रपटसृष्टीत याच्या उलट एक उदाहरण आहे. फ्रान्समधल्या दोंरेमी गावची जोन ऑफ आर्क. खेड्यातली मुलगी, राजदरबारात परकी, सैन्यात परकी, आणि शेवटी न्यायासनापुढे एकटी. १४३१ साली तिच्यावर चाललेल्या खटल्याची नोंद टिकून राहिली. त्या नोंदीवरच कार्ल ड्रायर यांनी १९२८ मध्ये आणि रोबेर ब्रेसाँ यांनी १९६२ मध्ये आपापले चित्रपट उभे केले. तिथे कोर्टाच्या कागदानं बाई जिवंत उभी राहते. इथे कोर्टाच्या कागदात माणूस हातातून निसटतो.

परभणी जिल्ह्याला हा विषय जिव्हाळ्याचा आहे, कारण त्या जबाबातल्या वेंकुशा नावाचा धागा सेलूला येऊन पोचतो, तर दुसरा एक धागा पाथरीला.

पाथरीचा धागा म्हाळसापतींकडून आलेला. शिर्डीतले हे सोनार, खंडोबाचे पुजारी, बाबांच्या अगदी जवळचे. बाबांनी त्यांना एकदा सांगितलं होतं की आपण पाथरीचे ब्राह्मण, लहानपणी आपल्याला एका फकिराच्या हवाली केलं. हे बोलणं झालं तेव्हा पाथरीकडची काही माणसं शिर्डीत आली होती आणि बाबा त्यांच्याजवळ तिकडच्या लोकांची नावं घेऊन चौकशी करत होते, असंही त्या आठवणीत आहे. मला यातला चौकशीचा भाग विलक्षण वाटतो. जन्मगावाबद्दल एरवी मौन धरणारा म्हातारा गावाकडची माणसं दिसली की अमका कसा आहे, तमका कसा आहे, असं विचारतो. दूर राहायला गेलेल्या कुणाही मराठवाड्याच्या माणसाला हे ओळखू येईल.

पुढे वि. बा. खेर या अभ्यासकांनी १९७५ पासून पाथरीला जाऊन शोध घेतला. गावातल्या ब्राह्मण घराण्यांची माहिती काढत ते भुसारी घराण्यापर्यंत पोचले. घर सोडून गेलेला त्या घरातला हरिभाऊ नावाचा मुलगा म्हणजेच बाबा असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. एम. व्ही. कामत यांच्याबरोबर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात १९९१ मध्ये तो छापला गेला. भुसारींच्या त्या जागेवर आज साईमंदिर आहे. खेरांचं काम कष्टाचं आणि प्रामाणिक आहे. पण त्यांनी मांडला तो तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो वाचला पाहिजे.

सेलूचा धागा दासगणूंनी विणला. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे हे त्यांचं मूळ नाव. आधी पोलीस खात्यात हवालदार, पुढे नामवंत कीर्तनकार, आणि आयुष्याचा मोठा काळ नांदेड भागात गेलेला. त्यांच्या कथेत जिंतूर परगण्याचे जहागीरदार गोपाळराव देशमुख सेलूला राहतात. ते वेंकटेशाचे भक्त, म्हणून वेंकुशा. फकिराच्या घरातला एक मुलगा त्यांच्याकडे येतो, त्यांचा लाडका होतो, आणि इतरांच्या डोळ्यांत खुपतो. जळफळणारी माणसं त्या पोरावर विटा फेकतात. एक वीट गोपाळरावांना लागते, रक्त येतं. मरण जवळ आल्यावर गुरू आपलं सगळं त्या मुलाला देऊन टाकतात. शिर्डीत बाबा आयुष्यभर एक वीट उशाशी घेऊन झोपत. मशीद झाडणाऱ्या मुलाच्या हातून ती पडून फुटली, तेव्हा माझी सोबतीणच गेली म्हणून त्यांनी शोक केला आणि त्यानंतर थोड्याच काळात, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला त्यांनी देह ठेवला. वीट का जपली याला दासगणूंनी सेलूची गोष्ट दिली. कालगणनेचा हिशेब मांडला तर ती बसत नाही. गोपाळराव अठराव्या शतकातले, बाबांच्या फार आधीचे. खेरांनीही ती याच कारणानं बाजूला ठेवली. पण पटकथा म्हणून पाहा. हातातली वस्तू, तिच्यामागची जखम, शेवटी तिचं फुटणं. दासगणू कीर्तनकार होते. श्रोत्याला काय धरून ठेवतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

बाबांचं परकेपण समजून घ्यायला त्या काळचा नकाशाही डोळ्यांसमोर हवा. पाथरी, सेलू, जिंतूर हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. शिर्डी होती इंग्रजांच्या मुलखात, अहमदनगर जिल्ह्यात. गोदावरी दोन्हीकडची एकच. पाथरीच्या दक्षिणेनं वाहते तीच कोपरगावला आहे. तिच्या काठाकाठानं वर चालत आलेला पोर शिर्डीत पोचला, तो एक राज्य ओलांडून. अंगावर फकिराचा वेश, कान टोचलेले, तोंडी सतत ‘अल्ला मालिक’, आणि राहायला पडकी मशीद. मराठवाड्यात मराठी आणि दखनी एकाच ओसरीवर बोलल्या जातात. अशा घरातून आलेला मुलगा दोन्ही भाषा मिसळून बोलला, तर नवल नाही. शिर्डीला मात्र त्याचा काही केल्या उलगडा होईना.

गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजेच हेमाडपंत, यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त बाबांच्या आगमनाच्या दोन कथा आहेत आणि त्या शेजारीशेजारी नांदतात. एकीत सोळा वर्षांचा देखणा पोर गावच्या लिंबाखाली आसन घालून बसलेला दिसतो, कुणाशी बोलत नाही, आणि पुढे नाहीसा होतो. दुसरीत औरंगाबादकडच्या धूपखेड्याच्या चांद पाटलांना हरवलेली घोडी शोधत फिरताना आंब्याखाली हा फकीर भेटतो, घोडी सापडते, आणि पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर तो शिर्डीला येतो. वऱ्हाड उतरलं खंडोबाच्या देवळाजवळ. म्हाळसापती म्हणाले, ‘या साई’, आणि नाव तेवढं चिकटलं. तेच म्हाळसापती त्यांना देवळात राहू द्यायला मात्र सुरुवातीला तयार नव्हते, अशीही आठवण आहे. स्वागत आणि नकार एकाच माणसाच्या तोंडून. गावातल्या बायजाबाई कोते मात्र टोपलीत भाकरी घेऊन रानात त्यांना शोधत फिरत आणि बसतील तिथे पान वाढत. गाव त्यांना वेडा फकीर म्हणत होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. कुठल्याही चमत्कारापेक्षा मला हे अधिक मोठं वाटतं.

पडद्याच्या आधी बाबांची कथा कीर्तनानं फिरवली. सच्चरितात ठाण्याचा एक प्रसंग आहे. कौपीनेश्वराच्या देवळात दासगणूंचं कीर्तन चालू आहे आणि श्रोत्यांत चोळकर नावाचा कोर्टातला गरीब उमेदवार बसला आहे. शिर्डी त्यानं पाहिलेली नाही, बाबांना पाहिलेलं नाही. नोकरी कायम झाली तर शिर्डीला खडीसाखर वाटेन, असा नवस तो मनाशी बोलतो आणि प्रवासाचे पैसे जमेपर्यंत बिनसाखरेचा चहा पितो. पुढे शिर्डीला गेल्यावर बाबा सांगतात, याला भरपूर साखर घालून चहा द्या. परीक्षा देऊन कायम होण्याची धाकधूक, कारकुनी पगार, कपात केलेली साखर! एकोणिसाव्या शतकाच्या निजामी मुलखातला फकीर मुंबई-ठाण्याच्या नोकरदारांच्या घरात शिरला, तो या वाटेनं. दाभोळकर स्वतः सरकारी नोकरीत, मॅजिस्ट्रेट. ते १९१० मध्ये शिर्डीला गेले आणि जात्यावर गहू दळत बसलेले बाबा त्यांनी पाहिले. चार बायका पुढे सरसावून दळण संपवतात आणि पीठ वाटून घरी न्यायला निघतात, तोच बाबा खवळतात. गावच्या शिवेवर नेऊन ते टाका म्हणतात. महामारीला अडवायची ती तऱ्हा होती. या दृश्यानंच आपल्याला लिहावंसं वाटलं, असं दाभोळकर सांगतात. पुढे नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ झाला.

दरम्यान चेहराही ठरत गेला. बाबांची अस्सल छायाचित्रं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि तीही धूसर. १९५४ च्या दसऱ्याला समाधी मंदिरात बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली इटालियन संगमरवराची मूर्ती बसवली गेली. पायावर पाय टाकून बसलेले, शांत, सतेज बाबा. धुनीच्या धुराची काजळी नाही, कफनीला ठिगळ नाही. मूर्ती अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नको. पण तेव्हापासून प्रत्येक नटाला छायाचित्रातल्या माणसाबरोबर या संगमरवराशीही जुळवून घ्यावं लागलं.

वर्षभरातच, १९५५ मध्ये, कुमारसेन समर्थ यांचा ‘शिर्डीचे साईबाबा’ हा मराठी चित्रपट आला. तिसऱ्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. मराठी संतपटाला तोवर वीस वर्षांची परंपरा होती. प्रभातच्या ‘संत तुकाराम’नं १९३६ मध्ये तिचा साचा घालून दिला होता: साधा भक्त, संसाराची ओढाताण, कुरापती काढणारा सालोमालो, आणि शेवटी विमान. साईबाबांना या साच्यात बसवणं सोपं नव्हतं. त्यांना बायको नाही, मुलं नाहीत, संसार नाही. तुकारामांसारखे स्वतःचे अभंग नाहीत. ते आपल्या मुलखातले म्हणून ओळखीचेही नाहीत. परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडची जनाबाई हा साचा अलगद पेलते. हंसा वाडकर यांनी १९४९ मध्ये पडद्यावर जनाबाई केली. नामदेवांच्या घरातली दासी, तिचं जातं, तिची वाकळ, आणि मुख्य म्हणजे तिचे स्वतःचे शब्द. जनाबाईला ‘मी’ म्हणता येतं. बाबांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेलं काहीच नाही.

मग चित्रपटांनी एक दृश्य पकडलं आणि ते सोडलं नाही: पाण्याचे दिवे. सच्चरितातली कथा अशी. बाबांना दिव्यांचं वेड. मशिदीत रोज पणत्या लावायच्या आणि तेल गावातल्या वाण्यांकडून मागून आणायचं. एके दिवशी वाण्यांनी ठरवून नाही म्हटलं. बाबा काही न बोलता परत आले. टमरेलात थोडं तेल उरलं होतं, त्यात पाणी घातलं, ते पिऊन टाकलं, मग पणत्यांमध्ये नुसतं पाणी ओतून वाती पेटवल्या. दिवे रात्रभर जळत राहिले आणि वाणी पस्तावले.

पडद्यासाठी याहून चांगलं काय असेल? संवाद लागत नाही. काळोख आहे, ज्योत आहे, आणि दारातून डोकावणारी अविश्वासानं भरलेली तोंडं आहेत. पण मला या कथेत चमत्काराच्या अलीकडे थांबावंसं वाटतं. वाण्यानं तेल नाकारणं ही साधी, रोजची, गावात कुठेही घडणारी गोष्ट आहे. ज्याचं गोत माहीत नाही, ज्याची जमीन नाही, जो पडक्या मशिदीत राहतो, त्याचं गावावर काय चालणार? त्याला उधारी नाही, त्याच्या बाजूनं बोलायला भाऊबंद नाहीत. परक्या माणसाचं सगळं अवलंबित्व त्या रिकाम्या टमरेलात दिसतं. सच्चरितात वाणी एका दिवसापुरते वाईट वागतात आणि शहाणे होतात. पडद्याला तेवढ्यानं भागत नाही, त्याला पक्का सालोमालो हवा असतो. दूरचित्रवाणी मालिकेत तर तो शेकडो भाग पुरवून वापरावा लागतो. २०१७ पासून काही वर्षं चाललेल्या ‘मेरे साई’ मालिकेत वैभव मांगले यांनी कुलकर्णी सरकार रंगवला, तो त्याच गरजेतून. गावाचा सगळा दुरावा एका खलनायकाच्या अंगावर घातला की उरलेलं गाव आपसूक चांगलं ठरतं. प्रत्यक्षात दुरावा सगळ्या गावाचा होता आणि बायजाबाईंसारख्या एखाद्या बाईनं तो एकटीनं मोडला.

१९७७ साल या कथेतलं सर्वांत मोठं वळण. अशोक भूषण यांच्या ‘शिर्डी के साईबाबा’ या हिंदी चित्रपटात सुधीर दळवी बाबा झाले. मनोजकुमार, राजेंद्रकुमार, हेमामालिनी, शत्रुघ्न सिन्हा अशी मोठी नावं भोवती असताना मुख्य भूमिका मराठी रंगभूमीवरच्या नटाकडे गेली, हे फार चांगलं झालं. ओळखीच्या ताऱ्याचा चेहरा असता तर प्रेक्षकांना आधी तारा दिसला असता. दळवींनी आवाज खाली ठेवला, हालचाल कमी केली, आणि नजर स्थिर. पांडुरंग दीक्षितांच्या संगीतातलं ‘साईनाथ तेरे हजारों हाथ’ देशभर गेलं. या चित्रपटानं सुरुवातीचा प्रश्न वेगळ्याच मार्गानं सोडवला. कथा बाबांच्या जन्मापासून सुरू न करता ती आजच्या एका घरात सुरू केली: विज्ञानावर भिस्त ठेवणारे वडील, आजारी मुलगा, हवालदिल आई, आणि शिर्डीची वाट. बाबा आपल्याला दिसतात ते त्या कुटुंबाला सांगितलेल्या गोष्टीतून. माणूस कुठून आला, या प्रश्नाची जागा माणूस माझ्या उपयोगाला येईल का, या प्रश्नानं घेतली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांतल्या शिर्डीच्या गर्दीचं मूळ मला या बदलात दिसतं.

त्याच वर्षी मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यात साईबाबा हे पात्र नाही, फक्त मूर्ती आहे. ऋषी कपूरचा अकबर कव्वाली गातो, आवाज महंमद रफींचा, शब्द आनंद बक्षींचे; मूर्तीच्या डोळ्यांतून निघालेल्या दोन ज्योती आंधळ्या आईच्या डोळ्यांत उतरतात आणि तिला दिसू लागतं. हरवलेली मुलं, वेगवेगळ्या धर्मांत वाढलेले भाऊ, हा त्या चित्रपटाचा कणा. लहानपणी घरापासून तुटून दुसऱ्या धर्माच्या घरी वाढलेला मुलगा ही तर म्हाळसापतींनी सांगितलेली बाबांचीच गोष्ट. देसाईंच्या मनात ते होतं, असा माझा दावा नाही. पण सबंध चित्रपटात बाबांच्या मूर्तीला जी जागा मिळाली आहे, ती मला अगदी योग्य वाटते.

पुढची आवर्तनं भरभर आली. मराठीत १९९३ मध्ये यशवंत दत्त बाबा झाले. रामानंद सागरांच्या अखेरच्या काळातल्या, २००५ च्या मालिकेत मुकुल नाग. २०१० च्या ‘मालिक एक’मध्ये जॅकी श्रॉफ. ‘मेरे साई’त आधी अबीर सुफी आणि मग तुषार दळवी. या सगळ्यांचा वेगवेगळा विचार करावा इतका फरक त्यांत मला आढळत नाही. सुधीर दळवींनी घालून दिलेला शांतपणा प्रत्येकानं आपल्या कुवतीप्रमाणे पुढे नेला.

तेलुगूची गोष्ट निराळी. मद्रासला राहून नरसिंहस्वामींनी बाबांची कथा दक्षिणेत पोचवली होती. चित्रपटांना तिथे तयार श्रोता मिळाला. के. वासू यांच्या १९८६ च्या ‘श्री शिर्डी साईबाबा महात्म्यम’मध्ये विजयचंदर बाबा झाले, संगीत इळैयाराजांचं. याच विजयचंदर यांनी १९७८ मध्ये ‘करुणामयुडू’त येशू साकारला होता. जन्मकथा सर्वांना पाठ असलेला येशू आणि जन्मकथाच नसलेले साई एकाच नटाच्या अंगी आले आणि दोन्हींवर प्रेक्षकांनी प्रेम केलं. २०१२ मध्ये के. राघवेंद्र राव यांच्या ‘शिर्डी साई’त नागार्जुन. अन्नमय्या आणि रामदासू या तेलुगू भक्तकवींच्या भूमिका त्यानं याच दिग्दर्शकाकडे आधी केल्या होत्या. त्या मालिकेत बसल्यावर बाबा तेलुगूंच्या घरचेच झाले. परभणीच्या माणसाला हे रोज दिसतं. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग परभणी, मानवत रोड, सेलू अशी आपली स्टेशनं घेत जातो. शिर्डीला निघालेले तेलुगू यात्रेकरू पाथरी-सेलूच्या शिवारातून जातात, तेव्हा बहुधा गाढ झोपेत असतात.

इतक्या आवर्तनांत काय गळलं? सच्चरित वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. बाबा चिलीम ओढत. चिडले की शिव्या देत, दगड उगारत. दक्षिणा मागून घेत आणि संध्याकाळपर्यंत वाटून टाकत. आणि तो भागोजी शिंदे. १९१० च्या दिवाळीत धुनीजवळ बसलेल्या बाबांनी एकाएकी हात जाळात घातला. दूर एका लोहाराच्या बाईचं पोर भट्टीत पडलं होतं, त्याला वाचवलं, असं त्यांनी मागाहून सांगितलं. बाबांचे भक्त नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंदांना औषधांसह घेऊन आले. बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही. जळलेल्या हाताला तूप लावायचं, वर पान ठेवायचं, पट्टी बांधायची, हे काम भागोजी करत राहिला. जखम भरल्यावरही रोज सकाळी. भागोजीला महारोग होता. बोटं झडलेला माणूस भाजलेला हात बांधतो आहे, गाव पाहतं आहे, आणि ज्याचा हात आहे तो निवांत बसला आहे. ज्याला तेल नाकारलं गेलं, त्यानं आपला हात कुणाकडे सोपवला, ते इथे कळतं. दिव्यांचा चमत्कार सांगणारे चित्रपट आपल्याकडे पुष्कळ झाले. या पट्टीवर कॅमेरा दोन मिनिटं स्थिर ठेवणारा दिग्दर्शक मला अजून पाहायचा आहे.

या न काढलेल्या पहिल्या रिळावरून जानेवारी २०२० मध्ये प्रत्यक्ष भांडण झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी बाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली. शिर्डीनं १९ जानेवारीला बंद पाळला. मंदिर तेवढं उघडं होतं. बाबांनी जे सांगितलं नाही ते सरकारनं कसं सांगावं, हा शिर्डीचा सवाल. आमच्या मातीतला मुलगा आम्हाला आपला म्हणू द्या, हे पाथरीचं म्हणणं. मुंबईत बैठक बोलावली गेली आणि बंद मागे घेतला गेला. वर्तमानपत्रांनी त्यात पर्यटनाचं गणित पाहिलं. ते होतंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. मराठवाड्याची किती तरी माणसं बाहेर जाऊन मोठी होतात आणि गावाच्या वाट्याला फक्त त्यांचं जाणं येतं. पाथरीला आपल्या मुलाचं जाणं तरी नोंदवून हवं आहे, असं मला वाटतं, आणि ती मागणी मला रास्त वाटते.

पाथरीच्या या मुलाचा चित्रपट कधी निघालाच, तर त्याच्या हाताशी काय आहे हे स्वच्छ माहीत असावं. म्हाळसापतींची आठवण आहे, तीही दुसऱ्यानं लिहून घेतलेली. दासगणूंची सेलूची कथा आहे, तिचा काळ जुळत नाही. खेरांचा भुसारी घराण्याचा तर्क आहे. दखनी बोलींनी गजबजलेला निजामी मुलूख आहे, गोदाकाठ आहे, फिरते फकीर आहेत. त्यांचा इतिहास भक्कम आहे आणि तो दाखवायला कुणाची हरकत नसावी. नांदेडहून आलेला अब्दुल बाबांजवळ बसून त्यांचे बोल उर्दूत टिपून घेत असे. ती वही टिकली आहे. मॅरिअन वॉरेन यांच्या १९९९ च्या अभ्यासग्रंथात तिचं भाषांतर छापलेलं आहे. बाबा कोणत्या परंपरेची भाषा बोलत, हे ऐकायला यापेक्षा जवळचा कागद नाही आणि पटकथा लिहिणाऱ्यानं तो आधी वाचावा. पाथरीच्या दारात मुलाचा हात फकिराच्या हातात देणारी आई मात्र दाखवावी लागेल. भरवशाच्या कुठल्याही कागदात तिचं नाव नाही, तिनं असं का केलं याचं कारणही नाही. भूमिका करायला चांगली नटी मिळेल. नाव आणि कारण मात्र पटकथाकारानं स्वतः बनवून तिच्या तोंडी घालू नये.